सासूबाईंचा चढ

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गॅरेज आहे. वर पत्रा, खाली तेलाने काळीकुट्ट झालेली फरशी, मधोमध एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात बहुतेक वेळ उभे असलेले मालक. रस्त्यावरून फक्त त्यांचं टक्कल दिसतं. ह्या मालकांना सगळे भासमिस्त्री म्हणतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव गॅरेजच्या पाटीवर आहे, पण पाटीवर काजळी इतकी बसली आहे की ते आता त्यांचं त्यांनाच माहीत.

नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यामुळे. गिऱ्हाईक यायचं आणि रडकुंडीला येऊन सांगायचं, "गाडी मधेच धक्के खाते हो." मिस्त्री गाडी चालू करायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून यायचे आणि हात पुसत सांगायचे, "गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला भास होतोय."

बऱ्याचदा ते खरंही असायचं. एका वकिलांच्या गाडीतली खडखड म्हणजे सीटखाली लोळणारी औषधाची बाटली निघाली होती. पण बऱ्याचदा नसायचंही. मलाही ते एकदा तसंच म्हणाले होते. मी बायकोला मुद्दाम गाडीत बसवून आवाज ऐकवला, तर तिलाही ऐकू आला. मिस्त्री म्हणाले, "एका घरात राहिलं की भासही एकच होतो."

त्यांचं तत्त्व साधं होतं. बिघाड त्यांच्या पत्र्याखाली दिसला, तर तो बिघाड. बाहेर कुठे दिसत असेल, तर ते गिऱ्हाइकाच्या मनाचे खेळ.

त्यांची स्वतःची एक जुनी डिझेल गाडी होती. रंग कधीकाळी सायीसारखा असावा. सकाळी किल्ली फिरवली की आधी खोकायची, मग गुरगुरायची, मग सगळा रस्ता जागा करायची. त्या गाडीवर मिस्त्रींचा भारी जीव. ती कधी बंद पडली नव्हती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचेच.

दर रविवारी ही गाडी मिस्त्री आणि त्यांच्या बायकोला घेऊन डोंगरावरच्या वसाहतीत जायची. तिथे मिस्त्रींच्या सासूबाई राहत. सासूबाई आयुष्यभर मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण वॉर्ड काही सुटला नाही. आता वॉर्डात जावई एकटेच होते. मिस्त्रींनी दारात पाऊल टाकलं की दंडाला पट्टा बसायचा आणि फुसफुस सुरू व्हायची. आकडा बघून सासूबाई "हं" म्हणायच्या. त्या "हं"वर दुपारचं जेवण ठरायचं. ते नेहमी सारखंच असायचं: उकडलेलं आणि मिठाशिवाय. मिस्त्री मान खाली घालून जेवायचे.

एका रविवारी, वसाहतीच्या निम्म्या चढावर, जिथे पाण्याची उंच टाकी आहे तिथे, गाडीने मान टाकली.

आधी इंजिनाचा ठेका चुकला. चार पायांवर पळणारं जनावर मधेच तीन पायांवर यावं तसं. मग तिनाचे दोन झाले. मिस्त्रींनी पाय दाबला तर गाडी आणखीच मरगळली. शेवटी एक आचका देऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"मिसिंग करतेय. पिकअपच नाही."

"तुमची गाडी? कधी बंद न पडणारी?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इकडे हात लाव, तिकडे नट हलव, असं केलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालू झाली. पन्नासएक पावलं गेली आणि परत तेच. एव्हाना जेवणाची वेळ टळली होती. नाइलाजाने त्यांनी गाडी वळवली. उतारावर ती अशी सुरेख धावली की काही विचारू नका.

घरी येऊन बायकोने आईला फोन केला. पलीकडून आवाज आला, "जावयांना बरं नाहीये का?"

"त्यांना बरं आहे गं. गाडीला बरं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "हं."

सोमवारी मिस्त्रींनी गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला लावल्या आणि आपली गाडी खड्ड्यावर घेतली. हवेचा फिल्टर काढला, झटकला, नवा घातला. डिझेलचा फिल्टर बदलला. इंजिन चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टरच्या नळीचा नट पाळीपाळीने सैल करून पाहिला. जो सिलेंडर मेलेला असतो त्याचा नट सैल केला तरी इंजिनाला फरक पडत नाही. जिवंत असतो त्याचा केला की इंजिन लगेच अडखळतं. इथे चारही नटांना इंजिन तितक्याच इमानाने अडखळलं. म्हणजे चारही सिलेंडर जिवंत. इंजेक्टर काढून तपासले, फवारा धुक्यासारखा बारीक. कॉम्प्रेशन मोजलं, ते गाडीच्या वयाला लाजवणारं निघालं.

शेजारी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्या इलेक्ट्रिशियनला रस्त्यावर अर्थिंग म्हणतात, कारण जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे असं त्याचं ठाम मत. तो कमरेवर हात ठेवून बघत होता.

"अर्थिंग बघितलं का?"

"अरे, जुनं डिझेल इंजिन आहे हे. चालू झाल्यावर बॅटरी काढून नेलीस तरी चालतं. ह्याला कसलं अर्थिंग?"

"तेच तर. नाहीच आहे ना!" अर्थिंग म्हणाला आणि मिस्त्रींचं लक्ष नसताना बॉडीपासून इंजिनापर्यंत एक जाडजूड वायर जोडून गेला. पुढे कितीतरी दिवस तो सांगत होता की खरा फरक त्या वायरीनेच पडला.

पुढच्या रविवारी गाडी त्याच टाकीपाशी अडली. त्याच्या पुढच्या रविवारी टाकीच्या थोडी अलीकडे. मधल्या दिवसांत मिस्त्रींनी पंप उतरवून तपासून घेतला, नळ्यांचे जोड आवळले, व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा लावलं. गावात गाडी हरणासारखी पळायची. गॅरेजमध्ये तासन्‌तास चालू ठेवली तरी ठेका चुकत नसे. सासूबाईंच्या चढाला लागली की मात्र हिचा जीव जायचा.

मिस्त्री गाडीच्या तक्रारी सांगू लागले की बायको भाजी निवडत फक्त "बरं" म्हणायची. एकदा ताट वाढताना तिने मिठाची बरणी त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवली.

"अगं, तुला काय वाटतं, मी मुद्दाम करतोय?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस, पण बरणी बोलली."

मग बायकोने एक गोष्ट केली. आठवड्याच्या मधल्या एका वारी, मिस्त्री खड्ड्यात असताना, खुंटीवरची किल्ली घेतली आणि एकटी आईकडे जाऊन आली. डोंगरावर गेली, आईबरोबर चहा घेतला, परत आली. गाडी गॅरेजच्या दारात लावली आणि खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली. खालून टक्कल वर झालं.

"वर जाऊन आले मी," ती म्हणाली. "कुठेही अडली नाही. एक आचकासुद्धा नाही."

"शक्यच नाही."

"गाडी ठणठणीत आहे." तिने किल्ली त्यांच्या पुढ्यात काठावर ठेवली. "तुम्हाला भास होतोय."

अर्थिंग तेव्हा स्टुलावर बसून चहा पीत होता. हे ऐकून त्याला जो ठसका लागला, तो पाठीवर थापा मारल्या तरी थांबेना. संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला बातमी कळली. वकील मुद्दाम गाडी थांबवून खड्ड्यात डोकावले. "काय मिस्त्री, आवाज कसला येतो म्हणे?"

मिस्त्रींनी त्या दिवशी गॅरेज लवकर बंद केलं. ते खरोखर हादरले होते. त्यांनी मला नंतर सांगितलं, "साहेब, आपण खरं बोलतोय आणि घरचं माणूससुद्धा मानत नाही, ह्यासारखी तडफड नाही. मी रस्त्याने चालताना आपल्याशीच बोलत होतो. मधे मधे मलाही वाटायला लागलं की असेल बुवा भास."

शनिवारी सकाळी बसस्टॉपवरून एक उंच, ताठ बाई हातात पिशवी घेऊन गॅरेजकडे येताना दिसल्या. चष्मा नाकाच्या टोकावर. अर्थिंग स्टुलावरून उठून उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मिस्त्री खड्ड्यातून वर आले.

"आई, तुम्ही? इकडे?"

"पेशंट येत नाही म्हटल्यावर डॉक्टर घरी जातात," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं दोघांचं काय चाललंय ते ऐकलं मी फोनवर. ती म्हणते गाडी बरी आहे, तुम्ही म्हणता आजारी आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघणार. चला."

"आत्ता?"

"मग कधी, पोस्टमॉर्टेमला?"

बायकोला फोन करून बोलावलं. ती मागे बसली, सासूबाई पुढे बसल्या, मिस्त्रींनी स्टिअरिंग हातात घेतलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. गाडी आज अडली नाही तर काय, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपली गाडी बंद पडावी म्हणून ते मनापासून विनवणी करत होते. चढ लागला. गाडी सुसाट. टाकी दिसू लागली. गाडी अजून सुसाट. मागून बायकोने घसा खाकरला.

टाकीच्या अगदी सावलीत ठेका चुकला. एक झटका. दुसरा. मग गाडीने आवाज पाडला, खुरडत थोडी पुढे गेली आणि थांबली.

"अडली!" मिस्त्री ओरडले. "बघितलंत? अडली! अगं, अडली बघ!" ते दार उघडून बाहेर आले आणि भर रस्त्यात त्यांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मागून येणारा दुधाचा टेम्पो थांबला. त्यातला माणूस म्हणाला, "काय झालं, लॉटरी लागली का?"

"गाडी बंद पडली!" मिस्त्रींनी त्याला आनंदाने सांगितलं. टेम्पोवाल्याने जास्त चौकशी केली नाही.

सासूबाई खाली उतरल्या. मिस्त्रींनी बॉनेट उघडल्यावर पिशवीतून रुमाल काढून त्यांनी त्याची कड धरली आणि आत पाहिलं. मग जावयाकडे वळल्या. हॉस्पिटलात राउंडला उभ्या राहत तशाच उभ्या राहिल्या.

"कधीपासून होतंय?"

"तीन आठवडे झाले असतील."

"कशाने वाढतं?"

"चढाने. पाय दाबला की वाढतं."

"कशाने कमी होतं?"

"थांबवून जरा वेळ दिला की आपोआप बरं. मग थोडं चाललं की परत."

"काही बाहेर टाकते का? धूर वगैरे?"

मिस्त्री सांगायला गेले आणि थबकले. इंजेक्टर बिघडला असता तर काळा धूर आला असता. डिझेल न जळता बाहेर पडलं असतं तर पांढरा. त्यांनी मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहिलं. "नाही हो. अडताना धूर अजिबात नसतो."

"मग पोटात काही जातच नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "उपाशी माणूस चढावरच चक्कर येऊन पडतो. सपाटीवर रेटून नेतो."

मिस्त्री बघतच राहिले. तीन आठवडे ते इंजिन उघडत होते, कारण आवाज इंजिनातून येत होता. डिझेलच्या टाकीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. टाकी मागे असते, गप्प असते, तिची कधी तक्रार नसते.

"पण मी नेली तेव्हा का नाही अडली?" बायकोने विचारलं. आता तिचा आवाज बराच खाली आला होता.

"तू कशी गेलीस वर?"

"नेहमीसारखी. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश."

"म्हणजे पाय हलका ठेवलास. तिला डिझेल कमी लागलं, जितकं मिळत होतं तितक्यात भागलं. मी दाबतो, म्हणून तिला जास्त लागतं आणि तेवढं येत नाही."

"म्हणजे मी गाडी नीट चालवते म्हणून बिघाड सापडत नव्हता?"

"तसं म्हणायला हरकत नाही," मिस्त्री म्हणाले. नवरा म्हणून हे वाक्य त्यांना जड गेलं, पण मेकॅनिक म्हणून ते नाकारता येईना.

उतरून गॅरेजमध्ये आल्यावर मिस्त्रींनी एक प्लास्टिकचा कॅन धुतला, त्यात स्वच्छ डिझेल भरलं आणि झाकणाला दोन भोकं पाडली. एका भोकातून इंजिनाकडे जाणारी नळी, दुसऱ्यातून इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी नळी. गाडीची स्वतःची टाकी ह्या खेळातून पूर्णपणे बाद. आता वर चढताना गाडी अडली तर दोष पुढे, नाही अडली तर दोष मागे, टाकीत किंवा टाकीच्या नळीत. प्रश्न एवढाच होता की कॅन धरणार कोण.

"आणा इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्या पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर जुना टॉवेल पसरला, आणि नळ्या खिडकीतून आत घेऊन कॅन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला.

"आई, वर नका धरू."

"सलाईन वरच धरायचं असतं. चाळीस वर्षं धरलंय मी."

"अहो, वर धरलं तर डिझेल आपोआपच खाली येईल. पंपाला ओढायचे कष्टच पडणार नाहीत. मग पंप खरंच दमला असला तरी आपल्याला कळणार नाही. खाली पायाशी ठेवा, म्हणजे परीक्षा खरी होईल."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. मग त्यांनी कॅन पायांमध्ये धरला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

लग्नानंतर हे वाक्य मिस्त्रींनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ते इतके गडबडले की किल्ली उलटी फिरवत राहिले.

चढ लागला. मिस्त्रींनी पाय पार तळाला नेला. पाण्याची टाकी आली, पाण्याची टाकी गेली. ठेका घड्याळासारखा. वळण आलं, वळण गेलं. वसाहतीतली झाडं सरसर मागे जाऊ लागली. मागे बायको सीटला घट्ट धरून बसली होती. पुढे सासूबाई कॅनवर वाकून डिझेलची पातळी बघत होत्या आणि ओरडत होत्या, "जातंय! व्यवस्थित जातंय! हळू, हळू हो जावईबापू, घर गेलं माझं!"

घर खरंच मागे गेलं होतं. मिस्त्रींनी वसाहतीच्या पार शेवटी गाडी वळवली आणि पुन्हा खाली जाऊन, केवळ आनंदासाठी, तोच चढ परत एकदा चढून दाखवला. तोवर तिघांच्याही कपड्यांना डिझेलचा वास लागला होता. सासूबाईंची मोत्यासारखी पांढरी चप्पल पिवळी पडली होती, आणि त्या त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

संध्याकाळी गाडीची डिझेलची टाकी उतरवली. मिस्त्रींनी टॉर्चचा उजेड आत धरला, लांब चिमटा घातला आणि बऱ्याच झटापटीनंतर एक बुळबुळीत, पारदर्शक चिंधी बाहेर काढली. पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. गाडी जोरात डिझेल ओढू लागली की तो तरंगत येऊन नळीच्या तोंडाला चिकटायचा. गाडी थांबली की ओढ संपायची आणि तो पडायचा तळाशी, साळसूदासारखा.

"हे आत गेलं कुठून?" अर्थिंगने विचारलं.

मिस्त्री चिंधी उलटसुलट करत म्हणाले, "असतात काही काही लोक. निष्काळजी."

"उन्हाळ्यात टाकीचं झाकण हरवलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. "तोंडाला पिशवी बांधून कोण हिंडत होतं? रोज म्हणत होतं, उद्या झाकण आणतो?"

मिस्त्रींना हसू आलं. त्यांना आधी ते आवरायचं होतं, पण खांदे हलायला लागले. मग बायको हसली. सासूबाई चष्मा पुसायला लागल्या, कारण त्यांना हसलेलं कुणाला दाखवायचं नव्हतं.

सोमवारी गॅरेज उघडलं तेव्हा दारात एक संगीतशिक्षक उभे होते. त्यांची गाडीही जुनीच. ते चाचरत म्हणाले, "तुम्ही हसाल, पण नदीच्या पुलावरून जाताना हिच्यातून शिट्टीसारखा आवाज येतो. इथे येणार नाही. पुलावरच येतो."

रस्त्यावरच्या आम्ही दोघातिघांनी कान टवकारले. मिस्त्रींनी कापडाला हात पुसले, तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, "जाताना येतो की येताना?"

"जाताना."

"खिडकी उघडी असते की बंद?"

शिक्षकांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ते विचारात पडले. मिस्त्रींनी दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "चला," ते म्हणाले, "ऐकू या."

दोघं गेले. दुपार झाली, ऊन उतरलं, तरी परत आले नाहीत. अंधार पडायच्या सुमारास कोपऱ्यावरून गाडी येताना दिसली, पण तिचा आवाज येत नव्हता. शिक्षक स्टिअरिंगशी बसले होते आणि मिस्त्री मागून ढकलत होते. घामाने निथळलेले, शर्ट मागे फाटलेला.

"शिट्टी येते हो खरंच!" लांबूनच ते आम्हाला ओरडून सांगत होते. "पूल संपेपर्यंत येते, आणि मग गाडीच बंद पडते!"